मामेसासऱ्यांचा समुद्र

भारताला तीन बाजूंनी समुद्र आहे असं शाळेत शिकवतात. हे चूक आहे. चौथा समुद्रही आहे. तो देशाच्या मधोमध, इंदूरला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून (म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपासून) चालत दहा मिनिटांवर, आमच्या मामेसासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत दिवाण आणि चपलांच्या कपाटाच्या मध्ये आहे. लांबी साडेचार फूट, रुंदी दीड फूट, खोली दोन फूट. पण मामांना विचारलं असतं तर त्यांनी हात पसरून सांगितलं असतं, "जावईबापू, मोजून नका पाहू. समुद्र आहे तो." आणि हे म्हणणारा माणूस उभं आयुष्य जमीन मोजत आलेला. त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या हत्तीखान्याची मोजणी केली होती, आजोबांनी बागांची, वडिलांनी रस्त्यांची. स्वतः मामांनी सरकारी नोकरीत बेटम्यापासून महूपर्यंतची इतकी शेतं साखळीनं मोजली की दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले तर मामांची स्कूटर दिसताच गळ्यात गळे घालायचे. मामा मोजायला बसले तर संध्याकाळपर्यंत उठत नाहीत आणि मोजताना बोलायचे थांबत नाहीत, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

असा हा जमिनीचा माणूस पाण्याला लागला तो एका सहलीमुळे. निवृत्तीच्या वर्षी मामा-मामी अंदमानला गेले. तिथे तळाला काच बसवलेली होडी असते, तिच्यात बसून खालचं प्रवाळ बघायचं. किनाऱ्यावर येईपर्यंतच बोटीनं मामींच्या पोटातलं सगळं ढवळून काढलं होतं, त्यामुळे त्यांनी दुसरी होडी नको म्हणून सांगितलं आणि किनाऱ्यावर दोघांच्या चपला राखत बसल्या. मामा एकटे गेले. अर्ध्या तासानं परत आले ते वेगळेच. "अगं, खाली दुकान लागलंय! एवढासा निळा मासा, बोटाएवढा, अन् त्याच्यापुढे हे एवढाले मासे लाईन लावून उभे! तो एकेकाचं अंग साफ करतोय. तोंडात शिरतोय, कल्ल्यांत शिरतोय, कोणी त्याला खात नाही. तू बघायला पाहिजे होतंस." मामी म्हणाल्या, "अन् चपला कोण सांभाळणार होतं?"

या एका वाक्यावर मामांनी परतीचा सगळा प्रवास विचार केला. इटारसी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की ज्या अर्थी ही समुद्राकडे बघायला गेली नाही, त्या अर्थी समुद्र घरी आणला पाहिजे. हिला एकदा, फक्त एकदा, ते दाखवायचंच. आम्हांला वाटलं, उतरेल हे. पण मोजणीवाल्याच्या डोक्यात खुंट ठोकला की तो हलत नाही.

समुद्राला पाणी लागतं. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. मामा ते गाळून घ्यायचे, त्यात पुडक्यातलं सागरी मीठ तोलून घालायचे आणि मामींना सांगायचे, "नर्मदा शेवटी जाते कुठे? समुद्रालाच ना? तिचा एवढा फेरा मी वाचवतो." मामी हात जोडून नळाकडे बघायच्या. "नर्मदाजी, माफ करा, यांचं असंच आहे." पाण्याच्या खारटपणाची परीक्षा करायला काचेची नळी होती, पण मामांचा विश्वास जिभेवर. रोज सकाळी चहाच्या आधी एक चमचा टाकीतलं पाणी तोंडात घेऊन, डोळे मिटून, ते निकाल द्यायचे. "आज जरा अंदमान कमी पडलंय." मग चिमूटभर मीठ. पुढे पुढे त्यांची जीभ इतकी तयार झाली की लग्नाच्या पंगतीत कढी चाखून आचाऱ्याला म्हणाले, "भिया, ही भरतीच्या वेळची झालीय, थोडी ओहोटी आणा." आचाऱ्यानं खरोखर पाणी वाढवलं, आणि कढी सुधारली. हे मी स्वतः जेवलो आहे.

मग मासे आले. मुंबईहून रात्रभर बसनं, थर्माकोलच्या खोक्यात. मामा पहाटेपासून बसस्टँडवर असे उभे होते की एका हमालानं विचारलं, "बाऊजी, बहू आ रही है क्या?" तीन होते. एक मोठा, दोन लहान. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, दोन्हीकडून निळाई अशी की जणू नव्या पैठणीचा काठ कापून पाण्यात सोडलाय. त्यांचं शास्त्रीय नाव मामा मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणायचे. पण रोजच्या वापरात 'सफाई मासा'. इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आम्ही लोक जेवढी छाती फुगवतो, त्याच्या दुप्पट मामा फुगवायचे. "आपल्याकडे आत्ता आत्ता कचऱ्याची गाडी आली. यांच्याकडे लाखो वर्षांपासून आहे. अन् गाणंसुद्धा लावत नाहीत, नाचून बोलावतात." खरंच, तो मासा आपल्या ठरलेल्या दगडापाशी उभा राहून शेपूट वरखाली हलवत असा काही नाचायचा की गिऱ्हाइकानं यावंच.

गिऱ्हाईक म्हणून टाकीत एक फुग्या मासा होता. त्याचं तोंड माझ्या साडूसारखं, कायम काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं. पण एका फुग्यावर तीन सफाईवाल्यांचं पोट कसं भरणार? या जातीचा मासा टाकीत टिकत नाही, उपासमारीनं मरतो, असं सगळे सांगत होते. मामांनी व्हरांड्यात वेगळा छोटा फ्रिज ठेवला (घरातल्या फ्रिजला मामींनी हात लावू दिला नाही), त्यात गोठवलेल्या बारीक कोळंबीच्या वड्या. शिवाय रोज सकाळी एक तास ते स्वतः गिऱ्हाईक व्हायचे. डावी बाही वर करून हात टाकीत सोडून बसायचे, आणि ते तिघं येऊन नखं, बोटांची पेरं, मनगट असं सगळं टिपून काढायचे. मला मामा म्हणायचे, "गुदगुल्या होतात, पण हलायचं नाही. गिऱ्हाईक हललं की त्यांचा विश्वास जातो." मी शपथेवर सांगतो, त्या हाताचं तेज असं होतं की संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मामी त्यांना म्हणायच्या, "जरा डावा हात इकडे करा, सुईत दोरा ओवायचाय."

पण टाकीकडे मामी बघायच्या नाहीत. मुळीच नाही. त्यांची वेताची खुर्ची टाकीकडे पाठ करून होती. समोर माहेरहून आलेलं आरशाचं कपाट, बाजूला भाजीची परडी, आणि पाठीमागे समुद्र. मामा टाकीपलीकडच्या खुर्चीत हात बुडवून बसायचे आणि मामींच्या पाठीला माहिती सांगायचे. "अगं, बघ तरी, आता तो फुग्याच्या तोंडात गेला!" पाठ म्हणायची, "जाऊ दे ती. तिचं ती बघेल." हाही एक रोजचा वाद. मामींच्या इंदुरी मराठीत मछली म्हणजे 'ती'. मामांच्या मराठीत मासा म्हणजे 'तो'. मामा समजावून सांगायचे की मोठा आहे तो 'तो', आणि लहान दोघी 'त्या'. त्याचं कुटुंब आहे ते. आणि गंमत म्हणजे हा मोठा गेला, तर त्या दोघींतली थोरली आपोआप 'तो' होते. आधी वागणं बदलतं, मग अंग. पदर खोचून कारभार हातात घेते आणि दोन-तीन आठवड्यांत पुरी बाप्या! मामी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गेलात की मी लोकांना उभं करून माशांवर भाषणं द्यायची? आत्ताच सांगून ठेवते, मला नाही जमणार."

भाषणं मात्र खरी. आमच्या भागातल्या पोह्यांच्या दुकानावर सकाळी जी झुंबड असते तिला रांग म्हणायची पद्धत नाही. तिथे ज्याचा हात लांब त्याचे पोहे. एका रविवारी मामा बाकावर चढले आणि म्हणाले, "अरे भिया, समुद्रात शार्कसुद्धा नंबर लावतो! मछली से सीखो कुछ!" मालक झाऱ्यानं कढई हलवत म्हणाला, "बाऊजी, शार्क को बोलो सेव कम पड़ेगी आज." तरी, का कोण जाणे, लोकांनी रांग लावली. सात मिनिटं टिकली. इंदूरच्या इतिहासातली पोह्यांची ती पहिली आणि अखेरची रांग, आणि तिच्यात सगळ्यात पुढे कोण होतं, तर मी. कारण मामांनी मला हाताला धरून पुढे नेलं. "जावई पाहुणे आहेत. सफाई मासा नेहमी बाहेरचं गिऱ्हाईक आधी घेतो. ते थांबत नाही ना, दुसऱ्या दगडाकडे निघून जातं. घरचं गिऱ्हाईक कुठे जातंय? ते थांबतं."

हाच नियम मामांनी घरी जेवताना सांगितला, मला पहिली गरम पोळी वाढताना. मामी तव्यापाशी उभ्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. "हो ना. घरचं गिऱ्हाईक चाळीस वर्षांपासून थांबलंय." मामांनी ताबडतोब उठून दुसरी पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि त्यांच्या खांद्यावरून बोटं हलकेच फिरवायला लागले. रागीट मोठा मासा आला की सफाई मासा त्याच्या पाठीवरून आपले पर असेच फिरवतो, म्हणजे तो शांत होतो. मामी म्हणाल्या, "हात काढा. मी काय शार्क आहे?"

तसे ते मासे काही साधुसंत नव्हते. मामा कौतुकानं त्यांची लबाडीही सांगायचे. या माशाला गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या किड्यांपेक्षा त्याच्या कातडीवरचा चिकट लेप जास्त आवडतो, संधी मिळाली की हळूच तो चावा घेतो, आणि गिऱ्हाईक दचकतं. पण बाजूला दुसरं गिऱ्हाईक बघत उभं असलं, की हा एकदम सज्जन! "कोणीतरी बघत असलं पाहिजे, जावईबापू. मग सगळे नीट वागतात." एवढं बोलून ते मामींच्या पाठीकडे बघायचे. एकदा तर त्यांना चक्क नकली मासा मिळाला. तोच पट्टा, तीच निळाई, तोच नाच. पण गिऱ्हाईक आलं की याला त्याच्या मांसाचा लचका हवा. पहिल्याच सकाळी तो मामांच्या अंगठ्याला असा चावला की मामा "चोर! चोर!" ओरडले आणि शेजारचे दोघं काठ्या घेऊन धावत आले. आणखी एकदा त्यांनी टाकीच्या काचेला आरसा लावला. मोठ्या माशानं दोन-तीन दिवस आरशातल्याशी मारामारी केली, मग त्याला समजलं की हा आपणच. पुढे तर गळ्यापाशी काही लागलंय का हे आरशात बघून तो दगडावर गळा घासायचा. मामांना कोण आनंद! "बघ गं, याला आरसा कळतो!" पाठ म्हणाली, "तिला कळतो. माणसांना कळत नाही."

अशी तीन वर्षं गेली. रात्री ते तिघं अंगाभोवती चिकट पातळ पडदा विणून झोपायचे ("मच्छरदाणी लावतात," मामा सांगायचे), सकाळी नाचायचे, आणि मामी काही वळायच्या नाहीत. मामांनी सगळं करून पाहिलं. पाडव्याला टाकीला तोरण बांधलं. वाढदिवसाला निळा दिवा आणला. ही, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "मामी, एकदा बघून घे ना, मामांसाठी." मामी म्हणाल्या, "बघितलं की झालं. मग रोज काय बघितलं ते सांगावं लागेल. नको बाई." मामांनी हे ऐकलं. ते हसले, पण त्या दिवशी टाकीतून हात लवकर काढला. नंतर मला जिन्यात म्हणाले, "तिकडे तिनं चपला राखल्या अन् मी एकटा बघून आलो. चुकलंच ते. एकदा तिनं बघितलं ना, की माझी मोजणी बंद." मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

मग एका सकाळी पोह्यांच्या दुकानावरच मामांच्या छातीत कळ आली. हृदयाला जाणारी एक नळी बुजली होती. चार दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं. मामा स्ट्रेचरवरून आत जाताना माझा हात धरून म्हणाले, "वही कपाटावर आहे." मला वाटलं, मृत्युपत्र. ती माशांची वही होती. त्यात लिहिलं होतं, "उत्तरेकडील काचेलगत सकाळी अर्धी वडी. दक्षिण-पूर्व कोपऱ्यातील दगडास हात लावू नये. सदर फुग्यास जास्त देऊ नये, तो ढोंगी आहे."

आता मी कबुली देतो. ही आणि मामी दवाखान्यात होत्या, मी मामांच्या घरी एकटा. अर्धी वडी टाकून झाली, माझ्या हातात चहा आणि शेवेची वाटी होती. तो फुग्या काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता. तुम्ही इंदूरचे नसाल तर तुम्हांला हे समजणार नाही. आमच्याकडे समोर कोणी भुकेला दिसला आणि आपल्या हातात शेव असली, तर विचार करायचा प्रश्नच येत नाही. आम्ही पोह्यांवर शेव घालतो, आमटीत घालतो, आंब्याच्या रसावर घालणारे दोघं माझ्या घरात आहेत. मी एक मूठ लवंगी शेव समुद्रात सोडली. फुग्यानं एक घास घेतला, माझ्याकडे तिरस्कारानं बघितलं आणि थुंकून टाकला.

संध्याकाळपर्यंत समुद्राचा मठ्ठा झाला. पाण्यावर तेल, गाळणीत बेसन, सगळ्या खोलीला फरसाणाच्या दुकानाचा वास. मोठा मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. मी दवाखान्यात फोन केला. फोन मामींनी घेतला. मी म्हणालो, "मामी, थोडी शेव पडली." पलीकडून, "किती?" "मूठभर." "यांना कळता कामा नये. आलेच मी."

त्या आल्या, पदर खोचला आणि वहीकडे न बघता कामाला लागल्या. बादल्या, पिंप, पुरणाचं पातेलं, लग्नातलं घंगाळ, सगळ्यांत गाळलेलं पाणी. मीठ तोलून घातलं. "नर्मदाजी, आज माझ्या हातून. रागावू नका." मग देवघराखालून ताकाची मोठी रवी काढली आणि घुसळायला लागल्या. "हवा मिसळली पाहिजे ना. उभे काय राहिलात? दोरी धरा!" मी जावई असल्याचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विसरलं होतं. आम्ही दोघांनी घंगाळात अंदमान घुसळलं. मी थक्क होऊन विचारलं, "मामी, तुम्हांला हे प्रमाण कसं माहीत?" त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीला कान आहेत." चमचाभर पाणी चाखून बघितलं, तोंड वाकडं केलं, अजून थोडं मीठ टाकलं.

फुग्या वाचला, त्या दोघी वाचल्या. मोठा सकाळी तळाशी आडवा पडलेला होता. गल्लीत कचऱ्याची गाडी आली, तिचा भोंगा ऐकून माझ्यातला जागरूक नागरिक जागा झाला आणि मी विचारलं, "मामी, हा ओला कचरा की सुका?" मामींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच दोन्हींत मोडत नाही असं मला वाटलं. त्यांनी त्याला मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं, वर दोन फुलं ठेवली. मग येऊन वेताच्या खुर्चीत बसल्या. दिवसभर दवाखान्याच्या खेपा आणि मधल्या वेळात ती खुर्ची. तिसऱ्या दिवशी मामांना घरी आणायला निघताना मी म्हणालो, "मोठा दगडामागे लपलाय असं सांगू. डॉक्टरांनी सांगितलंय, धक्का नको." मामी म्हणाल्या, "सांगा. मला खोटं बोलता येत नाही, मी गप्प बसते."

मामा आले. दोघांनी धरून त्यांना टाकीपलीकडच्या खुर्चीत बसवलं. चेहरा उतरलेला, पण डोळे थेट पाण्यात. बघत राहिले. दगडासमोर एक मासा ऐटीत फेऱ्या घालत होता, दुसरीला हाकलत होता, परत आणत होता. मामा म्हणाले, "मोठा वाळलाय." मी म्हणालो, "तुमची आठवण काढत होता." मामांनी चष्मा पुसून घातला. "जावईबापू, हा तो नाही." मी म्हणालो, "तोच तो." आणि मागून मामींना राहवलं नाही.

"नाही हो. तो आता नाही. ती आता तो आहे."

एवढं स्वच्छ मराठी वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही आणि इतकं गोंधळाचंही. मामींचा धीर सुटला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेव, घंगाळ, रवी, मोगरा. "तो गेला त्याच दिवशी दुपारी थोरलीनं कारभार घेतला. अगदी तुम्ही म्हणता तसा. धाकटीला दगड सोडू देत नाही." मामांना मोठा गेल्याचं दुःख होतंच, पण ते म्हणाले, "पण थोरली कोणती अन् धाकटी कोणती, हे मला तीन वर्षांत ओळखता आलं नाही. दोघी सारख्या. तुला कसं समजलं?"

"त्यात काय? थोरलीच्या उजव्या गालावर तीळ आहे."

मामा वाकले. मासा वळेपर्यंत थांबले. पुन्हा बघितलं. "आहे. पण डाव्या."

"उजव्या."

"डाव्या, अगं. डाव्या कल्ल्यापाशी."

"तीन वर्षं बघतेय मी! उजव्याच गालावर आहे!"

मामांनी हयात दिशांमध्ये घालवली होती. त्यांनी एकदा माशाकडे बघितलं, मग वेताच्या खुर्चीच्या पाठीकडे, मग तिथून सरळ रेषेत समोर, माहेरच्या कपाटाकडे. कपाटाच्या आरशात दगड, धाकटी, फुग्या, उजव्या गालावर तीळ असलेली थोरली, असा सगळा समुद्र लख्ख दिसत होता. मामी लाल झाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात मामींना लाजताना बघितलेला मी एकमेव जावई असेन.

मामा हसायला लागले. छातीवर हात ठेवून हसले. ही ओरडली, "मामा, हसू नका, डॉक्टरांनी सांगितलंय!" मामा म्हणाले, "अगं, सांगायचं तरी!" मामी म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचे थांबला असता. दाखवून झालं म्हणाला असता." मामा मला म्हणाले, "सबंध मोजणीत आरसा धरायचा राहिला माझा." आणि लगेच, "आता खुर्ची फिरवून टाकू. जावईबापू, उचला." मामींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "नका फिरवू. इथून तुम्हीपण दिसता."

त्यानंतर मामा दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात त्यांनी मामींच्या पाठीशी बोलणं सोडलं आणि कपाटाशी बोलायला लागले. नवीन पाहुण्याला ते विचित्र वाटायचं. माणूस एका हातानं मासे खेळवतोय आणि आरशाला सांगतोय, "बघितलंस? तोंडात शिरला." आणि आरसा म्हणतोय, "बघितलं." मला शेव वाढायची त्या घरात बंदी होती, ती मामांनी शेवटच्या दिवाळीत उठवली. वाटी माझ्या हातात देऊन त्यांनी मला टाकीपासून मोजून नऊ फुटांवर बसवलं होतं.

मागच्या श्रावणात ते गेले. गेल्या रविवारी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर दारात कचऱ्याची गाडी उभी आणि तिच्यावरच्या बाईंना मामी सांगत होत्या, "तुम तो अब आए हो, मछलियों में लाखो साल से है." बाई म्हणाल्या, "हौ अम्मा, कल भी बताया था." आत आल्यावर मामींनी चमचाभर समुद्र चाखला, म्हणाल्या, "आज जरा अंदमान कमी पडलंय," आणि चिमूटभर मीठ टाकलं. डावी बाही वर करून टाकीपाशी उभ्या राहिल्या, तासभर. मग हात पुसून आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या, टाकीकडे पाठ करून. माझ्या हातात शेवेची वाटी दिली. मी इकडेतिकडे बघितलं आणि टाकीपलीकडची रिकामी खुर्ची दिसली, तिच्यावर टेकलो.

"जावई, तिथे नका बसू," मामी आरशात बघत म्हणाल्या. "मध्ये येता तुम्ही. हे दिसत नाहीत."

मामी मामांना कधी नावानं हाक मारत नसत, 'हे'च म्हणत. फुग्या धरून मासेही तीन होते, म्हणजे तेही 'हे'च. मी उठलो, आणि शेवेची वाटी घेऊन, पावलं मोजत, नऊ फुटांवर जाऊन बसलो.